खबर नसताना केलेला बॅनर

मला बॅनरचा मनस्वी राग आहे. आमच्या नाक्यावर उभं राहिलं की आभाळ दिसत नाही, भावी सरपंच दिसतात. कुणाच्या बैलाचा वाढदिवस, कुणाच्या पोराला दहावीला पासष्ट टक्के, आणि खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून टिकलीएवढी पन्नास थोबाडं. तरीही हे सगळे बॅनर ज्या बाईच्या हातून बाहेर पडतात तिच्याबद्दल मी लिहायला बसलोय. माझं झेरॉक्सचं दुकान आणि तिचं ‘प्राप्ती डिजिटल’ यांच्यामध्ये प्लायवूडची एक पातळ भिंत आहे. त्या भिंतीतून मला सगळं ऐकू येतं, आणि जे ऐकू येत नाही ते मी जाऊन विचारतो.

प्राप्ती पेणच्या बाजूची, आगऱ्यांची मुलगी. माहेरची मिठागरं कधीच गेली, भाऊ आता डंपर चालवतात. नवरा निकेत ट्रेलरवर असतो, घरी पाहुण्यासारखा येतो. अलिबागला एका क्लासमध्ये डिझाईन शिकून तिने रेवसच्या अलीकडे, आमच्या खाडीकाठच्या गावात दुकान थाटलं तेव्हा मी म्हणालो होतो, चार महिने टिकेल. माझी भाकितं अशीच असतात.

तिचं काम बघण्यासारखं होतं. गावातला एकेक चेहरा तिने मागची भिंत, शेजारचा माणूस, नारळाची झाडं कापून मोकळा करून कॉम्प्युटरात ठेवला होता. कुणाचा फोन आला, ‘आपला तो फोटो घे’, की तिला बरोबर कळायचं कुठला. आमच्याकडे माणसाचा चांगला फोटो एकच असतो. गळ्यात साखळ्या, डोळ्यांवर गॉगल, मागे बोट. वाढदिवसाला तोच, भावाच्या हळदीला तोच आणि मेल्यावरही तोच. आता श्रद्धांजलीला गॉगल कसा चालणार? मग प्राप्ती गॉगल काढून त्याखाली त्याच घरातल्या दुसऱ्या कुणाचे तरी डोळे बसवायची. नाक्यावर उभा राहून मी एकदा ओळखलं होतं की वारलेल्या माणसाला त्याच्या धाकट्या भावाचे डोळे लागलेत. तिला बोललो तर म्हणाली, “काका, घरच्यांना नाय कललं. तुमी कशाला बोंबलता?”

एका बाबतीत मात्र ती कुणाचं ऐकत नसे. घरातल्या माणसाचा फोन आल्याशिवाय ती कुणाच्या नावामागे ‘कै.’ लिहीत नसे. दवाखान्यातून निरोप आला, शेजाऱ्याने सांगितलं, पुढाऱ्याने सांगितलं, काही चालायचं नाही. घरच्यांनी खबर द्यायची, मग ती हात लावणार. गावाला ते ठाऊक होतं. प्राप्तीकडून बॅनर आला म्हणजे बातमी पक्की, असं लोक धरून चालत.

हा नेम तिने एकदाच मोडला, आणि तेवढ्यावरून एक जीव जायची वेळ आली.

त्याआधी तिच्या मशिनीबद्दल सांगायला हवं. त्या वर्षी लग्नसराईपासून तिच्या कॉम्प्युटरला एक खोड लागली होती. गिऱ्हाइकाला काम दिसावं म्हणून तिने भिंतीवर मोठा टीव्ही जोडला होता. त्यावर नवं पान उघडलं की क्षणभर त्यात आधीच्या गिऱ्हाइकाचं काहीतरी उमटायचं. सत्यनारायणाच्या पत्रिकेत कुणाच्या हळदीचा डीजे, शाळेच्या फलकात कुणाच्या नवरीचा अर्धा हात. मग ते निघून जायचं. आम्ही हसायचो. प्राप्ती त्याला भूत म्हणायची.

दिपेश नावाचा एक कॉम्प्युटर दुरुस्त करणारा अलिबागहून येतो. त्याने भूत बघितलं आणि तो हसला नाही. म्हणाला, “हे तुझ्या ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचं काम आहे. चित्रं दाखवायला कॉम्प्युटरात वेगळी मेमरी असते. कुणाला किती जागा द्यायची ते ड्रायव्हर बघतो. एका प्रोग्रामचं काम संपलं की त्याने ती जागा काढून घ्यायची, पुसायची आणि मग दुसऱ्याला द्यायची. हा पुसत नाही. शिवाय पहिल्याचा त्या जागेवरचा हातही सोडवत नाही.”

“म्हणजे,” मी म्हणालो, “लॉजवाल्याने चादर न बदलता खोली दुसऱ्याला दिली, आणि पहिल्या गिऱ्हाइकाकडे चावी तशीच ठेवली.”

“बरोबर काका. आणि चावी चोराच्या हातात पडली तर? हे नुसतं भूत दिसण्यापुरतं नाही. एखादी वाईट साईट उघडली, एखादा फुकटचा प्रोग्राम टाकला, तर तुझ्या स्क्रीनवरून जे जे गेलं ते बाहेर बसून वाचता येईल. कंपनीने जाहीर केलंय, दुरुस्तीही दिलीय. तू अपडेट का बंद ठेवलंस?”

अपडेट बंद ठेवायला कारण होतं. तिचा बॅनर छापायचा प्रिंटर जुना आणि त्याचा प्रोग्राम त्याहून जुना. सिस्टीम नवी केली की तो प्रोग्राम उघडतच नाही. आमच्या पट्ट्यातल्या सगळ्याच बॅनरवाल्यांनी ते अपडेट असंच बांधून ठेवलेलं असतं, कारण हंगामात प्रिंटर थांबला तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं.

“माज्याकडं चोराला काय गावनार?” प्राप्ती म्हणाली. “लोकांची थोबाडं? ती तर नाक्यावरच टांगलेली हायत. गनपती होऊंदे, मग बघू.”

दिपेशने खांदे उडवले आणि तो निघून गेला.

नारळी पौर्णिमा झाली. बोटी दर्यावर गेल्या. त्याच आठवड्यात एका सकाळी खांदेरीच्या पलीकडे कमलेशची बोट लाटेने उलटली. कमलेश म्हणजे त्या बोटीचा तांडेल, बोट चालवणारा. बरोबरचे तीन खलाशी दुसऱ्या बोटीने उचलून आणले. कमलेश आणि दादू नावाचा एक खलाशी सापडले नाहीत. दादू तिकडे सुधागडच्या डोंगरातल्या वाडीतला. समुद्रावर कामाला येऊन त्याला दोनच हंगाम झाले होते आणि नीट पोहता येत नव्हतं. त्याचं कुणी बोलतही नव्हतं. कमलेशचं मात्र बोलत होते, कारण तो पट्टीचा पोहणारा.

पहिला दिवस गावातल्या सगळ्या बोटी शोधायला गेल्या. सरकारी बोट आली, घिरट्या घालून गेली. दुसऱ्या दिवशी वारा वाढला, किनाऱ्यावर इशारा लागला, आणि दुपारपर्यंत एकेक बोट परत येऊन धक्क्याला लागली. कुणी तोंडाने बोललं नाही, पण सगळ्यांनी मनातून सोडलं होतं. एकटा तुळशीराम, कमलेशचा थोरला भाऊ, संध्याकाळच्या भरतीला पुन्हा निघणार होता. तोही निघणार होता ते कमलेशच्या बायकोमुळे. भाविका त्याला म्हणाली होती, “मेला असंल तर अंग आना. जिता असंल तर जिता आना. तवर मी मंगलसूत्र काडत नाय.” त्या बाईच्या जिद्दीवर ती बोट हलणार होती, दुसऱ्या कशावर नाही.

आता त्याच दुपारची गोष्ट. आमच्या गाळ्यांचा मालक भागोजी, गावातल्या एका पार्टीचा पुढारी. त्याला सगळे शेठ म्हणतात, कारण तो स्वतःला शेठ म्हणवून घेतो. तो प्राप्तीच्या दुकानात शिरला आणि खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“कमलेशचा करून ठेव.”

“काय करून ठेव?”

“बॅनर गो. तयार असूंदे नुसता. अंग गावला की त्या पलीकडच्या पार्टीचा तासाभरात लागंल. आपला पयला लागला पायजे.”

मी भिंतीवर जोरात बुक्की मारली. प्लायवूड हललं. भागोजी पलीकडून ओरडला, “काका, तुमी तुमचे झेरॉक्स काढा!”

प्राप्ती म्हणाली, “शेठ, घरातनं खबर नाय आली.”

“मी कुठं लाव सांगतोय? तयार ठेव सांगतोय. गणपतीचे सगले बॅनर तुज्याकडं द्यायचेत ना मला?” मग त्याने आवाज खाली आणला. “आनि गाळ्याचं कागद पन दिवालीला नवं करायचं हायत.”

तो गेला. मी लगेच उठून तिच्या दुकानात गेलो, तिला चार शब्द सुनवावेत म्हणून. ती टीव्हीकडे पाठ करून छोट्या स्क्रीनवर काम करत होती. काळी पाटी, वर समईच्या ज्योती, झेंडूचा हार आणि हाराच्या आत गॉगल घातलेला कमलेश. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहून झालं होतं. खाली तिने ‘कै. कमलेश’ लिहिलं आणि थांबली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, “बगा काका, गॉगल काढायला गेली तर हात चालंना. कुनाचं डोलं लावू?”

मग तिने ते पान बंद केलं. ‘सेव्ह करायचं का’ विचारलं मशीनने. तिने नाही म्हटलं. “शेठला सांगते, केलाय म्हनून. मागितला तेवा बघू,” ती म्हणाली आणि बाहेर जाऊन नळावर हात धुऊन आली. माझा राग तिथेच निवाला. चुकत होती ती सावरली, झालं.

आम्हाला वाटलं, ते पान गेलं.

थोड्याच वेळात भाविका आली. पावसाने भिजलेली, पायात चपला नाहीत. तिला ‘बेपत्ता’ म्हणून एक पत्रक करून हवं होतं. या दिवसांत पाणी दक्षिणेकडे ओढतं, म्हणून मुरूड, दिघी, श्रीवर्धन, हर्णे, जिथे जिथे नातलग आहेत तिथे मोबाईलवर पाठवायचं, आणि तुळशीरामच्या हाती काही छापील द्यायचे, वाटेत भेटतील त्या बोटींना. छापील प्रती माझ्याकडे निघणार, म्हणून मीही तिथेच उभा राहिलो.

“वयनी, बसा,” प्राप्ती म्हणाली. तिने खुर्ची पुसून दिली.

भाविका टीव्हीसमोर बसली. प्राप्तीने कमलेशचा नेहमीचा फोटो काढला. भाविका म्हणाली, “हा नको गो. यात डोलं नाय दिसत. कोन वलखंल?” तिने आपल्या मोबाईलमधून दुसरा दिला. कमलेश बनियनवर, ओट्यावर बसून जाळं सांधतोय, मान वर करून हसतोय. “दादूचा पन टाक,” ती म्हणाली. दादूचा फोटो कुणाकडेच नव्हता. तेव्हा खाली नुसतं नाव लिहायचं ठरलं.

प्राप्तीने नवं पान उघडलं.

टीव्ही काळा झाला. मग त्यात आडव्या पट्ट्या उमटल्या. एका पट्टीत समईच्या ज्योती. दुसरीत झेंडूचा हार आणि गॉगलचं अर्धं भिंग. आणि खाली, स्वच्छ, पांढऱ्या अक्षरात, ‘कै. कमलेश’.

प्राप्तीने माऊस आपटला. पान पांढरं झालं. पण तेवढा वेळ पुरेसा होता. भाविका सातवीपर्यंत शिकलेली. ‘कै.’ म्हणजे काय हे वाचायला सातवीही लागत नाही.

ती ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, “कवा गावला?”

“वयनी, तसा नाय. ती मशीन...”

“माज्यापासून कशाला लपवला? सांगायचा व्हता.” ती उठली. दारात तिचा पदर खिळ्याला अडकला, तो तिने ओढून फाडला आणि चालू लागली. घराकडे नाही, धक्क्याकडे.

प्राप्ती जागच्या जागी उभी. आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. प्राप्तीकडून बॅनर म्हणजे बातमी पक्की. ही बाई आता धक्क्यावर जाऊन काय सांगणार?

“स्कूटर काढ,” मी म्हणालो. “चल लवकर! ती बोट थांबवणार.”

माझं दुकान उघडं टाकून मी तिच्या मागे बसलो. रस्ता खड्ड्यांचा, समोरून पाऊस. मी मागून सांगत होतो, “मशीनची चूक म्हणून सांग. खरंच आहे ते. दिपेशनेच सांगितलंय.”

धक्क्यावर पोचलो तेव्हा व्हायचं ते झालं होतं. भाविका बोटीच्या दोराला धरून उभी होती आणि तुळशीरामला सांगत होती, “भावजी, नका जाऊ. तुमच्या भावाची खबर आली. सगल्या गावाला ठावं, आपल्यालाच नाय. त्यो गेला. आता तुमी या वाऱ्यात जाऊन माजा आनकी एक घर नका बुडवू.” कुणीतरी बाई रडायला लागली, मग दुसरी. तुळशीरामने इंजिन बंद केलं. त्याच्याबरोबर जाणाऱ्या दोघांनी, अंग मिळालं तर लागेल म्हणून चढवलेली बर्फाची पाटी उतरवायला घेतली.

खाडीचा हिशोब समजून घ्यायला हवा. भरतीचं पाणी उतरायला लागलं की आमच्या धक्क्यापाशी चिखल उघडा पडतो आणि बोट त्यात बसते. मग पुढच्या भरतीपर्यंत ती कुणाच्या बापाला हलत नाही. पाणी उतरू लागलं होतं. धक्क्याच्या दगडांवर ओली रेघ दिसत होती. आता गेली तर बोट जाणार होती, नाही तर रात्र अख्खी जाणार. आणि दोन दिवस पाण्यात असलेल्या माणसासाठी एक रात्र म्हणजे सगळंच.

प्राप्ती गर्दीतून पुढे घुसली. “खबर आलेली नाय! वयनी, ऐका. त्या मशीनमधी बिघाड हाय. जुना पान पुसला जात नाय, नव्यावर उमटतो. काकांना इचारा. दिपेशनं सांगितलाय, त्यो कंपनीचाच दोष हाय.”

मीही सांगू लागलो. ड्रायव्हर, मेमरी, न पुसलेली जागा. लोक आमच्याकडे असे बघत होते, जणू मयताच्या घरी आम्ही टीव्हीची जाहिरात करतोय.

भाविकाने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मशीनला माज्या नवऱ्याच्या नावामागं ‘कै.’ लिवायला कोनी शिकवला?”

मशीन जुनं दाखवत होतं, पण मुळात लिहिल्याशिवाय दाखवणार कुठून? बोटीच्या तळाशी चिखल लागल्याचा आवाज आला. तुळशीराम वाकून बघू लागला.

“मी लिवला,” प्राप्ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल अशी. “मशीननं नाय, मी लिवला. खबर नसताना लिवला. तयार ठेव म्हनून मला सांगितला व्हता. मी केला, नको वाटला, पुसला. तो पुसला गेला नाय. बस, एवढाच. कमलेशदादाची कसलीच खबर नाय.”

“कोनी सांगितला तुला?” तुळशीरामने बोटीवरून विचारलं.

भागोजी गर्दीतच होता. छत्री धरून, मान खाली घालून, दुःखी चेहऱ्याने. प्राप्तीने त्याच्याकडे बघितलं. गाळा त्याचा, गणपतीचे बॅनर त्याचे, दिवाळीला कागद त्याच्याच हातात.

“शेठनी,” ती म्हणाली.

“मी?” भागोजी म्हणाला. “काय बोलतेस गो पोरी? मी कशाला सांगू?”

मी तोंड उघडणार होतो. प्राप्तीने हाताने मला थांबवलं. ती त्याच्या अगदी समोर गेली. “शेठ, मला खोटी ठरवा. उद्या गाळा खाली करायला सांगा, मी करते. पन आता या मानसांना एकच सांगा. तुमाला काय खबर व्हती का? तुमी बोल्लात तर जातील. नाय तर पानी चाललाय.”

भागोजीने छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. गर्दीने त्याला वाट करून दिली, म्हणजे खरं तर त्याला एकटं पाडलं. त्या माणसाचा मी जन्मभर राग केलाय आणि पुढेही करीन. पण त्या वेळी मी त्याच्या तोंडाकडे डोळे लावून उभा होतो. दुसरं कुणी सांगून उपयोग नव्हता. बॅनर ज्याने सांगितला त्यालाच माहीत, खबर होती की नव्हती.

“नव्हती,” तो म्हणाला. घसा खाकरून पुन्हा म्हणाला, “खबर नव्हती रं तुळशीराम. पयला आपला लागावा म्हनून... चुकला माजा. जा तू.”

कुणी त्याला शिवी दिली, बाकीच्यांना तेवढाही वेळ नव्हता. भाविकाने हातातला दोर बोटीत फेकला आणि स्वतः पाण्यात उतरून बोटीला खांदा लावला. मग सगळेच उतरले. मीसुद्धा, गुडघ्याच्या दुखण्यासकट. प्राप्ती कमरेपर्यंत चिखलात. इंजिन खोकलं, बंद पडलं, पुन्हा खोकलं. बोट वीतभर सरकली आणि रुतली. कुणीतरी ओरडत होतं, “उजवीकडं, उजवीकडं रेटा!” माझा पाय कशात तरी अडकला आणि मी तोंडावर पडलो. डोकं वर काढलं तेव्हा बोट खाडीच्या मधल्या पाण्यात होती. तुळशीरामने मागे वळूनही बघितलं नाही.

भाविका तिथेच बसून राहिली. प्राप्ती तिच्यापासून थोडी लांब बसली. जवळ जायची तिची हिंमत नव्हती. मी घरी गेलो. म्हाताऱ्या माणसाने चिखलात बसून काय करायचं?

दुसऱ्या दिवशी भरतीच्या वेळेला अख्खा गाव धक्क्यावर होता. सकाळी तुळशीरामचा फोन लागला होता, पण वाऱ्यात अर्धं ऐकू आलं. ‘एक जिता गावलाय’ एवढंच कळलं, मग रेंज गेली. कोण, ते कळलं नाही. भाविकाने पांघरायला कोरडं लुगडं आणलं होतं, चहाचा थर्मास आणला होता. तिच्या शेजारी बायका बसल्या होत्या. बोट वळणावर दिसली तेव्हा ती उठली. पुढच्या बाजूला घोंगडीत गुंडाळलेला माणूस बसला होता. मी डोळे बारीक करून बघत होतो. कमलेश उंच आणि रुंद. घोंगडीतला माणूस लहानखुरा होता.

दादू होता.

त्याचे ओठ फुटले होते, कातडी पांढरी पडली होती. डिझेलच्या रिकाम्या कॅनला तो दोराने बांधलेला सापडला, कोर्लईच्या पुढे. बोलता येण्याइतकं पाणी पोटात गेल्यावर त्याने पहिलं सांगितलं ते भाविकाला. “वहिनी, तांडेलानं मला बांधला. मला पोहता येत नाय ना. स्वतः नुसता हातानं धरून राहिला. पहिल्याच रात्री लाट आली, हात सुटला.” तो हात जोडत होता, रडत होता, जणू त्याच्याकडूनच गुन्हा झाला. “मी लय हाका मारल्या.”

पहिल्याच रात्री. म्हणजे प्राप्तीने तो बॅनर केला तेव्हा कमलेश गेलेलाच होता. आणि ती बोट आदल्या संध्याकाळी चिखलात बसली असती तर हा मुलगाही गेला असता. त्याच्यासाठी कुणी भांडत नव्हतं, त्याचा फोटोसुद्धा कुणाकडे नव्हता. मला हे कळायला थोडा वेळ लागला. भाविकाला तेवढाही लागला नाही. तिने थर्मासचं झाकण उघडलं, त्यात चहा ओतला आणि दादूच्या तोंडाला लावला. कमलेशसाठी आणलेला चहा. तो पिऊन होईपर्यंत तिने हात हलू दिला नाही. मग ती बाजूला गेली आणि तिने जो टाहो फोडला तो मला अजून ऐकू येतो.

कमलेशचं अंग मिळालंच नाही.

प्राप्तीने त्याच आठवड्यात दिपेशला बोलावून ते अपडेट करून घेतलं. प्रिंटर बंद पडला. ऐन गणपतीत तिच्या दुकानाला कुलूपच असल्यासारखं होतं, आणि नाक्यावरचे सगळे बॅनर पलीकडच्या दुकानातून आले. मी म्हणालो, “आता कशाला? गणपती होऊ दे की.” तर माझ्यावरच खेकसली. लोकांची आधारकार्डं, पोरींचे साखरपुड्याचे फोटो, तिच्या टेबलावरून काय काय गेलं होतं त्या काळजीने तिला झोप लागत नव्हती. भूत हा शब्द तिने पुन्हा काढला नाही. भागोजीने गाळा खाली करायला सांगितला नाही, पण तो दुकानासमोरून जाताना रस्त्याच्या पलीकडून जाऊ लागला.

विसर्जनानंतर, प्रिंटर पुन्हा चालू झाल्यावर, एका दुपारी भाविका आली. मी भिंतीच्या अलीकडे कागद मोजत होतो. तिचा आवाज ऐकला आणि हात थांबला.

“त्याचा बॅनर कर,” ती म्हणाली. “बनियनवरचा फोटो घे.”

“वयनी, मी नको,” प्राप्ती म्हणाली. “दुसरीकडनं करून घ्या. माज्याच्यानं नाय व्हनार.”

“तूच कर. खाली दोनच नावं. माजा आनि दादूचा. शेठचा नको, पार्टीचा नको.”

मग माऊसचे आवाज आले. मधेच थांबले. मला कळलं की फोटो लागला, हार लागला आणि आता ती नावापाशी आलीय. कळफलक वाजत नव्हता. प्लायवूडपलीकडून प्राप्तीचा हुंदका आला, आणि त्यावर भाविकाचा आवाज, अगदी हळू.

“लिव गो. आता मीच सांगतेय.”